सेक्रमच्या उभ्या अस्थिभंगात एक स्क्रू की दोन? संगणकीय मॉडेलमध्ये फरक का दिसत नाही?

प्रश्न : मेकॅनिकल_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. श्रोणीच्या, म्हणजे पेल्व्हिसच्या, अस्थिभंगात बसवल्या जाणाऱ्या स्क्रूंचे फायनाइट एलिमेंट पद्धतीने (वस्तूचे असंख्य लहान भाग पाडून संगणकावर गणित करून) विश्लेषण करणे हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. तो मला शहरातील एका अस्थिशल्यचिकित्सकांनी सुचवला. पुणे-हैदराबाद महामार्गावरील अपघातांत, आणि उसाच्या हंगामात रात्री दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून जे रुग्ण येतात, त्यांच्यापैकी काहींचा सेक्रम (कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड) एका बाजूने उभा चिरलेला असतो. अशा रुग्णाला एकच इलिओसेक्रल स्क्रू (बाजूच्या श्रोणिफलकातून सेक्रममध्ये जाणारा) पुरेल की दोन लागतील, आणि दोन लागत असतील तर दोन्ही एस-१ मण्यात (सेक्रमच्या सर्वांत वरच्या) घालावेत की एक एस-१ मध्ये व दुसरा त्याखालच्या एस-२ मध्ये, हा त्यांचा प्रश्न आहे.

मॉडेलची मांडणी अशी आहे. एका प्रौढ पुरुषाच्या सीटी स्कॅनवरून थ्रीडी स्लायसर या संगणक प्रणालीत सेक्रम आणि दोन्ही बाजूंची श्रोणिफलके (कमरेची रुंद हाडे) वेगळी काढली. बाहेरच्या कठीण हाडाची जाडी सर्वत्र २ मिमी आणि यंग मापांक (पदार्थाच्या ताठरपणाचे माप) १७ गिगापास्कल घेतला. आतल्या सच्छिद्र हाडाला १५० मेगापास्कल दिले. सेक्रमचा भंग मज्जातंतूंच्या छिद्रांमधून जाणारा, म्हणजे डेनिस वर्गीकरणातील दुसऱ्या विभागाचा, दाखवला असून भंगाच्या दोन पृष्ठभागांत ०.३ घर्षणांकाचा संपर्क ठेवला आहे. स्क्रू टायटॅनियम मिश्रधातूचे, ११० गिगापास्कल मापांकाचे, ७ मिमी व्यासाचे भरीव दंडगोल म्हणून घेतले असून ते पूर्ण लांबीभर हाडाला चिकटवलेले आहेत. श्रोणीचा पुढचा भाग अखंड आहे. खुब्याच्या दोन्ही वाट्या सर्व दिशांनी स्थिर केल्या असून एस-१ च्या वरच्या पृष्ठभागावर ६०० न्यूटन बल सरळ खाली लावले आहे.

या मांडणीत एक स्क्रू आणि दोन स्क्रू यांतील फरक नगण्य येतो. भंगाच्या पृष्ठभागांचे सरकणे जवळजवळ सारखेच असते आणि स्क्रूमधील सर्वोच्च प्रतिबल (स्ट्रेस) धातूच्या सहनसीमेच्या पुष्कळ खाली राहते. यावरून ‘एक स्क्रू पुरेसा आहे’ असा निष्कर्ष काढता येईल असे मार्गदर्शकांचे मत आहे, परंतु डॉक्टरांना तो त्यांच्या अनुभवाशी जुळणारा वाटत नाही. मेश (मॉडेलच्या लहान भागांची जाळी) पुरेशी बारीक करून पाहिली, तरी चित्र बदलत नाही. फरक खरोखरच नसतो की माझ्या मांडणीत तो झाकला जातो, आणि तुलना नेमक्या कोणत्या राशीची करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : संरचना_विश्लेषक_पुणे

नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांचे विश्लेषण करतो. हाडांचे काम माझ्या व्यवसायाचा भाग नाही, पण या विषयावर वाचन आहे आणि यातील यांत्रिकी तर सगळीकडे एकच असते. मांडणी वाचून असे वाटते की एक आणि दोन स्क्रू यांतील फरक दाखवण्याची संधीच तुमच्या मॉडेलला मिळालेली नाही.

सर्वांत आधी दोन्ही वाट्यांवरील प्रतिक्रिया बले वेगवेगळी काढून पाहा. तुमचा भंग एकाच बाजूला आहे. सेक्रमचा मधला तुकडा धडधाकट बाजूच्या सांध्याने त्या बाजूच्या फलकाला जोडलेला आहे, आणि ते फलक वाटीत जमिनीला खिळल्यासारखे स्थिर आहे. बल नेहमी ताठर वाटेने अधिक जाते; त्यामुळे ६०० न्यूटनपैकी बहुतांश धडधाकट बाजूने उतरत असणार आणि भंगाच्या बाजूला, जिथे स्क्रू आहेत, तिथे थोडेच पोहोचत असणार. स्क्रूवर भारच नसेल तर एक काय आणि दोन काय, उत्तर सारखेच येईल.

शिवाय दोन्ही वाट्या सर्व दिशांनी बांधल्यामुळे श्रोणीचे कडे म्हणून असलेले वागणेच नाहीसे होते. श्रोणी हे बंद कडे आहे: मागे फट सरकायची असेल तर पुढे जघनसंधीपाशी (दोन्ही फलके पुढे जुळतात त्या सांध्यापाशी) किंवा जघनास्थीच्या फांद्यांमध्ये काहीतरी उघडावे, वळावे किंवा वाकावे लागते. तुम्ही दोन्ही बाजू आधीच आवळून धरल्या आहेत. यावर उपाय म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा भाग मॉडेलमध्ये घेऊन त्याच्या गोळ्याचा वाटीशी संपर्क दाखवणे आणि हाडाच्या खालच्या टोकाला आडवे सरकण्याची मोकळीक देणे. ते जड वाटत असेल तर निदान भंग असलेल्या बाजूच्या एकाच पायावर उभे राहण्याची स्थिती घ्या, म्हणजे भार तिकडून जाण्यावाचून पर्याय राहणार नाही. फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्नायू आणि अस्थिबंधांचे आधार घालून केलेल्या श्रोणीच्या मॉडेलमध्ये असे दाखवले होते की घट्ट बांधलेल्या आधारांमुळे हाडात प्रतिबलाचे जे कृत्रिम साठे दिसतात, ते वास्तवाच्या जवळ जाणाऱ्या आधारांत कमी होतात. तुमच्या डॉक्टरांच्या शंकेचे मूळ बहुधा इथेच आहे.

आता स्क्रू. ७ मिमी हा आट्यांच्या बाहेरचा व्यास असतो. वाकण्याला विरोध करतो तो आट्यांच्या मुळाचा व्यास. कॅन्युलेटेड (पोकळ) स्क्रूला मध्ये तारेसाठी आरपार छिद्रही असते. उदाहरणापुरते मुळाचा व्यास ४.८ मिमी आणि छिद्र ३ मिमी धरू. वाकण्यातील ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलत असल्याने ७ मिमीचा भरीव दंडगोल या खऱ्या गाभ्याच्या पाचपटींहून अधिक ताठर ठरतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की यात छिद्राचा वाटा लहान आहे. छिद्रामुळे ताठरपणा सुमारे १५ टक्केच घटतो. उरलेला सगळा फरक बाह्य व्यास घेतल्यामुळे पडतो. एकच स्क्रू इतका बळकट दाखवल्यावर दुसऱ्याने आणखी काय करायचे? तुम्ही वापरत असलेल्या स्क्रूची खरी मापे उत्पादकाच्या पत्रकातून किंवा व्हर्निअरने मोजून घ्या.

चिकटवण्याविषयी. अर्धवट आटे असलेल्या स्क्रूचा गुळगुळीत दांडा हाडात सरकू शकतो; धरतो तो फक्त आट्यांचा भाग, आणि दुसऱ्या टोकाला वॉशर फलकाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टेकतो. आट्यांचा भाग जोडलेला, दांडा घर्षणासह मोकळा आणि वॉशर संपर्काने टेकलेला, अशा तीन भागांत स्क्रू मांडा. एवढे करूनही आट्यांपाशी हाड चुरडून स्क्रू सैल होणे या मॉडेलमध्ये दिसणार नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

कठीण हाडाची सर्वत्र २ मिमी जाडी हीदेखील निरुपद्रवी गोष्ट नाही. डाल्स्ट्रा आणि हाउस्केस यांनी १९९५ मध्येच दाखवले होते की श्रोणीचे हाड दोन पातळ कठीण थरांमध्ये मऊ गाभा असावा तसे भार वाहते आणि कठीण थरातील प्रतिबल आतल्या सच्छिद्र हाडापेक्षा सुमारे ५० पट असते. सगळे काम ज्या थरावर आहे त्याचीच जाडी अंदाजाने घेतली, तर निकालही अंदाजाचाच येतो. त्या थराला शेल एलिमेंट (पातळ पत्र्यासारखे घटक) आणि आतल्या भागाला दहा नोडचे (जोडबिंदूंचे) टेट्राहेड्रॉन, म्हणजे चार पृष्ठांचे घटक, वापरा. चार नोडचे टेट्राहेड्रॉन वाकण्यात अवास्तव ताठर असतात.

शेवटी हाताने करण्याची एक पडताळणी. भंगाच्या दोन्ही बाजूंना पकडलेला आणि मध्ये मोकळा असलेला स्क्रू ही दोन्ही टोकांना न वळणारी तुळई मानली, तर तिचे आडवे सरकणे म्हणजे बल गुणिले लांबीचा घन, भागिले १२ ईआय (ई म्हणजे मापांक, आय म्हणजे छेदाच्या आकारावरून येणारी राशी). वरच्या गाभ्याला ३०० न्यूटन आणि २० मिमी मोकळी लांबी धरली तर सरकणे सुमारे ०.०८ मिमी येते. मोकळी लांबी १० मिमी धरली तर ते सुमारे ०.०१ मिमीवर उतरते. भंगाजवळचे मऊ हाड स्क्रूला किती अंतरापर्यंत पकडते, यावरच जवळजवळ सारे अवलंबून आहे. म्हणून स्क्रूच्या धातूपेक्षा त्याच्या भोवतालच्या हाडाचा मापांक तुमच्या निकालावर अधिक परिणाम करील. तो एकाच मूल्यावर ठेवून निष्कर्ष काढू नका.

उत्तर २ : अस्थिशल्य_सोलापूर

नमस्कार. प्रश्न सुचवणारे डॉक्टर मी नव्हे, पण असे रुग्ण माझ्याकडेही येतात. वरील उत्तराला मी शस्त्रक्रियेच्या बाजूने काही जोडू इच्छितो.

तुम्ही सरळ खाली लावलेले बल ही या दुखापतीची खरी परीक्षा नाही. एकच स्क्रू असला की तो बिजागरीच्या खिळ्यासारखा वागतो: तुकडा खाली सरकणे तो बऱ्याच अंशी थोपवतो, मात्र अर्धी श्रोणी त्याच्याभोवती पुढे-मागे वळू शकते. दुसरा स्क्रू आम्ही मुख्यतः हे वळणे रोखण्यासाठी घालतो. तुमच्या मांडणीत वळवणारे बलच नाही, त्यामुळे दुसऱ्या स्क्रूचे काम दिसण्याचा प्रश्न येत नाही. रुग्ण खाटेवर पाय सरळ ठेवून वर उचलतो तेव्हा मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंच्या ओढीमुळे त्या बाजूच्या फलकावर केवढा मोठा आघूर्ण (वळवणारा जोर) येतो, याचा विचार करा. शस्त्रक्रियेनंतर ड्रेसिंगच्या वेळी रुग्ण स्वतःचा पाय स्वतः उचलू पाहतो आणि त्याच बाजूला मागे कळ येते, हे आम्ही वॉर्डात पाहतो.

उभे राहण्याच्याही आधी रुग्ण बसतो. उभ्या भंगात आम्ही त्या पायावर पूर्ण भार अनेक आठवडे देऊ देत नाही, पण उशी लावून बसवणे, कुशीवर वळवणे, खाटेवरून खुर्चीत नेणे हे त्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. बसल्यावर भार वाटीतून न जाता बैठकीच्या हाडांतून जातो, म्हणजे बलाचा मार्गच बदलतो. तुमच्या मॉडेलमध्ये बसण्याची स्थिती स्वतंत्रपणे घ्यावी असे मी आग्रहाने सुचवीन, कारण पहिल्या काही आठवड्यांत स्क्रूला ज्याला तोंड द्यावे लागते ते हेच आहे.

पुढचा भाग अखंड ठेवण्याबाबत मला गंभीर आक्षेप आहे. सेक्रम उभा चिरून अर्धी श्रोणी वर सरकते तेव्हा पुढे जघनसंधी फाटलेला असतो किंवा जघनास्थीच्या फांद्या तुटलेल्या असतात. टाइल वर्गीकरणातील ‘सी’ प्रकार तो हाच. श्रोणीच्या स्थैर्यात मागच्या भागाचा वाटा सुमारे ६० टक्के आणि पुढच्या भागाचा ४० टक्के असे साधारणपणे मानले जाते. पुढे अखंड आणि मागे उभा भंग, असा तुमचा रुग्ण प्रत्यक्षात क्वचितच भेटेल. म्हणून पुढे काहीही न बसवलेले, पुढे प्लेट बसवलेली आणि पुढे जघनास्थीच्या फांदीत स्क्रू घातलेला, अशा तीन अवस्थांत मागील एक व दोन स्क्रूंची तुलना करावी. पुढचा भाग नीट बांधला तर मागे एका स्क्रूवर भागते का, हा खरा उपयोगाचा प्रश्न आहे, कारण मागे घातला जाणारा प्रत्येक जादा स्क्रू मज्जातंतूजवळून जातो.

हे शेवटचे वाक्य अभियंत्यांनी विशेष लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे. एस-१ मध्ये स्क्रूला मिळणारी वाट अरुंद असते. तिच्या पुढे सेक्रमच्या पंखावरून पाचव्या कटिमण्याची मज्जामूळ जाते आणि खाली पहिल्या सेक्रल मज्जामुळाचे छिद्र असते. बऱ्याच लोकांत सेक्रमची घडण जन्मतःच निराळी असते. त्यांच्यात एस-१ मधून आरपार दुसऱ्या फलकापर्यंत जाणारी सरळ वाट मिळत नाही, परंतु एस-२ ची वाट बहुधा अधिक रुंद असते. तुम्ही एस-१ मध्ये दोन स्क्रू बसवून दाखवाल, पण ते सी-आर्मखाली (शस्त्रक्रियेतील क्ष-किरण यंत्राखाली) इनलेट, आउटलेट आणि बाजूच्या दृश्यात हाडाच्या आत राहतील का, हे प्रथम त्याच रुग्णाच्या सीटीवर तपासा. हाडाबाहेर जाणारा स्क्रू कितीही ताठर निघाला तरी आम्हाला त्याचा उपयोग नाही.

आणखी एक. कोणी स्क्रूमध्ये पूर्वताण (आवळून आधीच दिलेला ताण) द्यायला सांगेल. सांधा निखळलेला असेल तर अर्धवट आट्यांचा स्क्रू आवळून दाब देणे योग्य आहे. भंग छिद्रांमधून जात असेल आणि तिथे हाडाचा चुरा झालेला असेल, तर दाब दिल्याने छिद्र मिटून मज्जामूळ चेपण्याचा धोका असतो. तिथे आम्ही पूर्ण आट्यांचा स्क्रू दाब न देता घालतो. तुमचा भंग दुसऱ्या विभागाचा असल्याने पूर्वताण शून्य ठेवणे हेच वैद्यकीयदृष्ट्या सुसंगत आहे. पहिल्या उत्तरातील गुळगुळीत दांड्याचा मुद्दाही मग तुम्हाला लागू होत नाही. पूर्ण लांबीभर आटे धरा.

उत्तर ३ : सीटी_तंत्रज्ञ

मी सोलापुरातच एका निदान केंद्रात काम करतो. कठीण हाडाच्या जाडीचा प्रश्न निघाला आहे म्हणून सीटीबद्दल थोडे लिहितो.

श्रोणीचा थर १ ते २ मिमीच्या आसपासचा असताना ५ मिमी जाडीच्या कापांवरून तो मोजता येणार नाही. रुग्णाच्या हाती येणाऱ्या फिल्मवर किंवा सीडीवर बरेचदा जाड कापच दिलेले असतात, पण बहुकाप यंत्रावर मूळ स्कॅन बारीक असते आणि मूळ माहिती पुसली जाण्याआधी सांगितले तर १ मिमी किंवा त्याहून पातळ काप पुन्हा बनवून देता येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहून घ्या आणि पुनर्रचना दोन प्रकारच्या कर्नलने (चित्र घडवताना वापरल्या जाणाऱ्या गणिती गाळणीने) मागा. हाडाच्या कर्नलने कडा ठळक होतात, त्यामुळे आकार काढायला तो बरा. परंतु त्याच ठळकपणामुळे हाउन्सफील्ड अंक (सीटीतील घनतादर्शक अंक) कडांपाशी वर-खाली होतात. घनतेवरून मापांक काढणार असाल तर मऊ ऊतींच्या कर्नलचे चित्र वापरा. स्क्रू बसवल्यानंतरच्या स्कॅनवरून घनता काढण्याचा प्रयत्न करू नका; धातूच्या सावल्या आणि झळाळी आजूबाजूचे अंक बिघडवून टाकतात.

हाउन्सफील्ड अंकाचे खऱ्या घनतेत रूपांतर करण्यासाठी ज्ञात घनतेचा फँटम (तुलनेसाठीचा नमुना) रुग्णासोबत स्कॅन व्हावा लागतो. तो नसेल, आणि आपल्याकडे तो सहसा नसतोच, तर निरपेक्ष मूल्यांचा दावा न करता एकाच रुग्णाच्या हाडातील कमी-अधिक घनतेचे भाग दाखवावेत. त्यातूनही एक महत्त्वाची गोष्ट दिसेल: सेक्रमच्या पंखाच्या आतले हाड मण्याच्या मधल्या भागापेक्षा विरळ असते, आणि वयस्कर रुग्णांत तिथे अक्षरशः पोकळी दिसते. स्क्रूचे आटे नेमके कुठे संपतात याला त्यामुळे फार महत्त्व येते.

फाइल घेताना नाव, वय, नोंदणी क्रमांक काढून टाकलेलेच स्कॅन घ्या, आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी कामाच्या आधी मिळवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : मेकॅनिकल_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे प्रथम प्रतिक्रिया बले वेगळी काढली. भाराचा मोठा भाग धडधाकट बाजूनेच जात होता. त्यानंतर जघनास्थीच्या फांद्या तुटलेल्या दाखवल्या, आधार भंगाच्या बाजूच्या पायाखाली घेतला, स्क्रूचा खरा गाभा घेतला आणि पाय उचलण्याचा आघूर्ण स्वतंत्र भारस्थिती म्हणून लावला. आता एक आणि दोन स्क्रूंमधील फरक स्पष्ट दिसतो, आणि डॉक्टरांनी म्हटल्याप्रमाणे तो उभ्या सरकण्यापेक्षा वळण्यात अधिक आहे. एस-१ मध्ये दोन की एस-१ व एस-२ मध्ये एकेक, याचा क्रम मात्र सच्छिद्र हाडाचा मापांक आणि घर्षणांक बदलला की उलटसुलट होतो.

दोन शंका उरल्या आहेत. खुब्यावरील बलाचे मोजलेले आकडे उपलब्ध आहेत, ते एका पायावर उभे राहण्याच्या स्थितीत थेट वाटीवर लावावेत का? आणि घरात घसरून पडलेल्या वयस्कर स्त्रियांच्या भंगाला हेच मॉडेल, केवळ मापांक घटवून, लागू करता येईल का?

उत्तर ४ : संरचना_विश्लेषक_पुणे

पहिल्या शंकेबद्दल लिहितो. बर्गमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मोजपट्ट्या बसवलेल्या कृत्रिम खुब्यांवरून जे आकडे दिले, त्यांत ताशी सुमारे ४ किमी वेगाने चालताना सर्वोच्च बल सरासरी शरीरभाराच्या २३८ टक्के आणि जिना चढताना २५१ टक्के होते. ६० किलो वजनाच्या माणसासाठी चालण्याचे बल सुमारे १,४०० न्यूटन होते. हे आकडे भरवशाचे आहेत, पण ते सांध्यातील संपर्कबलाचे आहेत. त्या बलातच नितंबाच्या स्नायूंची ओढ मिसळलेली आहे. वाटीवर १,४०० न्यूटन लावून स्नायू वगळले, तर आघूर्णाचा तोल साधला जात नाही आणि उरलेला आघूर्ण तुमचा आधार गुपचूप गिळतो, म्हणजे पुन्हा भार भलत्याच वाटेने जातो. एकतर ग्लुटिअस मीडिअससारख्या स्नायूंची बले फलकाच्या कडेवर लावून समतोल जुळवा, किंवा मोजलेल्या बलाचा मोह सोडून धडाचा भार आणि बसण्याची स्थिती एवढ्यावर थांबा. रुग्णाला चालूच दिले जात नसेल तर चालण्याचे बल घेण्यात अर्थही नाही.

क्रम उलटसुलट होणे हा तुमच्या प्रबंधातील सर्वांत मोलाचा निकाल आहे. तो झाकू नका. घर्षणांक ०, ०.३ आणि त्याहून मोठा, मापांक कमी-मध्यम-अधिक, अशा सर्व जोड्या चालवा आणि कोणता निष्कर्ष सगळीकडे टिकतो व कोणता टिकत नाही हे वेगवेगळे लिहा. ‘पाय उचलण्याच्या आघूर्णाखाली दोन स्क्रू एकापेक्षा कमी वळू देतात’ हे सगळीकडे टिकत असेल, तर ते ठामपणे म्हणता येते. ‘एस-२ चा स्क्रू अधिक चांगला’ हे टिकत नसेल, तर तसे म्हणू नये.

शिवाय प्रत्यक्ष चाचणीवाचून हे काम अपुरे राहील. पूर्ण श्रोणीचा कृत्रिम नमुना महाग पडत असेल तर पॉलियुरेथेन फोमचे दोन ठोकळे घ्या. एएसटीएम एफ-१८३९ मानकाप्रमाणे ते ठरावीक प्रतींत मिळतात. त्यांतून तोच स्क्रू घाला, मध्ये फट ठेवा आणि महाविद्यालयातील युनिव्हर्सल टेस्टिंग मशिनवर एक ठोकळा खाली दाबत डायल गेजने सरकणे मोजा. मग नेमका हाच ठोकळा मॉडेलमध्ये बनवून आलेख एकमेकांवर ठेवा. एक ठोकळा जुळल्याशिवाय श्रोणीचे रंगीत चित्र पाहून माझे तरी समाधान होणार नाही. रंगीत चित्रातील एकाच नोडवरचे सर्वोच्च प्रतिबल तर निष्कर्षात आणूच नका. छिद्राच्या धारदार कडेवर मेश जितकी बारीक कराल तितके ते वाढतच जाते.

उत्तर ५ : अस्थिशल्य_सोलापूर

दुसऱ्या शंकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आपल्या शहरात विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागांवर आयुष्य काढलेल्या स्त्रिया उतारवयात ओट्याजवळ किंवा मोरीत घसरून पडतात. त्यांची दुखापत आणि महामार्गावरील तरुणाची दुखापत या दोन वेगळ्या व्याधी आहेत. ठिसूळ हाडाच्या श्रोणिभंगांसाठी रोमेन्स आणि हॉफमन यांनी २०१३ मध्ये स्वतंत्र वर्गीकरण मांडले ते याचसाठी. या रुग्णांत अस्थिबंध बहुधा शाबूत असतात, हाड आतल्या आत दबते, तुकडे फारसे सरकत नाहीत, आणि सुरुवातीला एका बाजूला असलेला भंग दुर्लक्षित राहिल्यास दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतो. तिथे स्क्रू वाकत किंवा मोडत नाही. तो विरळ हाडात सैल होऊन मागे सरकतो. तुमचे चिकटवलेल्या आट्यांचे मॉडेल नेमकी हीच गोष्ट दाखवू शकत नाही. अशा रुग्णांत सेक्रमच्या आरपार एका फलकापासून दुसऱ्या फलकापर्यंत जाणारा लांब स्क्रू किंवा दांडा पसंत केला जातो, कारण त्याची पकड पंखातील पोकळीवर न राहता दोन्ही फलकांच्या कठीण थरांवर राहते. काही ठिकाणी स्क्रूच्या टोकाशी अस्थिसिमेंटही भरतात. हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे आणि कोणी तो हाती घेतला तर मला आनंद होईल.

तुलना कशाची करावी, हे तुम्ही आरंभी विचारले होते. मला भंगाच्या फटीचे तीन आकडे वेगवेगळे हवे आहेत: तुकडा वर किती सरकला, फट मागच्या बाजूला किती उघडली आणि फलक स्क्रूभोवती किती अंशांनी वळले. एकूण सरकण्याचा एकच आकडा दिला तर या तिन्ही गोष्टी त्यात मिसळून जातात, आणि शस्त्रक्रियेत प्रत्येकीवरचा उपाय निराळा असतो. वर सरकणे थांबत नसेल तर मी कमरेच्या मण्यापासून फलकापर्यंत सळई जोडून इलिओसेक्रल स्क्रूसह त्रिकोणी बांधणी करण्याचा विचार करीन. फट उघडत असेल तर पुढचा भाग बांधीन. वळणे उरले असेल तर दुसरा स्क्रू घालीन.

रुग्णाला कधी उभे करावे, याचे उत्तर या मॉडेलमधून काढण्याचा प्रयत्न करू नका. ते भंग जुळण्याच्या गतीवर, चुऱ्याच्या प्रमाणावर आणि रुग्णाच्या इतर दुखापतींवर ठरते, आणि यांपैकी काहीही तुमच्या मेशमध्ये नाही.

जमल्यास ज्याचा सेक्रम जन्मतः निराळ्या घडणीचा आहे असा एक स्कॅन मिळवा आणि तीच भारस्थिती त्यावर चालवा. नेहमीच्या घडणीत एस-१ मध्ये दोन स्क्रूंना जागा असते आणि निवड आमच्या हातात असते; वेगळ्या घडणीत एस-१ मध्ये तिरका आखूड एक आणि एस-२ मध्ये आरपार लांब एक, एवढेच शक्य असते. तो आखूड तिरका स्क्रू वळण्याला कितपत विरोध करतो, हे मला शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभे असताना माहीत असायला हवे असते.